बाबांच्या दाढेतली सुई

दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत आडव्या झालेल्या माणसाला बोलता येत नाही. तोंडात काय चाललंय ते दिसत नाही आणि भूल दिलेली असेल तर नीट कळतही नाही. पोटाचं ऑपरेशन असलं की बाहेर नातेवाईक उभे असतात, केसपेपर असतो, घरी जाताना डिस्चार्ज कार्ड मिळतं. दातासाठी आपण एकटे चालत जातो आणि चालत परत येतो. हातात उरते फक्त पैशांची चिठ्ठी.

माझ्या बाबांकडेही तेवढीच चिठ्ठी होती. आमचं गाव नरखेड तालुक्यात, घरची संत्र्याची बाग. मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. दोन दिवाळ्यांआधी, आंबिया बहाराची तोडणी सुरू असताना बाबांची खालची दाढ ठणकायला लागली. त्यांनी जवळच्या एका क्लिनिकात रूट कॅनाल करून घेतलं. तीन फेऱ्या झाल्या, साडेचार हजार रुपये गेले. बाबांना एवढंच आठवतं, की दुसऱ्या फेरीत डॉक्टर मध्येच थांबले, मदतनिसाशी हळू आवाजात काहीतरी बोलले आणि मग म्हणाले, "झालं काका, काही नाही." पुढच्या खेपेला कॅप बसली.

चार महिन्यांनी गाल सुजला. त्याच क्लिनिकात दोनदा गोळ्या मिळाल्या. "हिरडी सुजली आहे," असं सांगितलं गेलं. एक्स-रे एकदाही काढला नाही. तिसऱ्यांदा ताप आला, तोंड दोन बोटांएवढंही उघडेना, तेव्हा मी सुट्टी टाकून गावी गेलो आणि बाबांना रेल्वेने नागपूरला शासकीय दंत महाविद्यालयात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टर मॅडमनी एक्स-रे उजेडात धरला. दाढेच्या मुळात, अगदी टोकाजवळ, एक बारीक पांढरी रेघ चमकत होती.

"ही फाइल आहे. तुटून आत राहिलीय. तुम्हाला सांगितलं नव्हतं का?"

बाबांनी मान हलवली. दाढ काढावी लागली.

त्यानंतर मी या विषयावर जमेल तेवढं वाचलं. रूट कॅनालमध्ये दाताच्या आतली नस काढतात, मुळातल्या केसासारख्या बारीक नळ्या सुईसारख्या फाइलने खरवडतात, औषधाने धुतात आणि गटापर्चा भरून बंद करतात. खालच्या दाढेला अशा नळ्या बहुधा तीन किंवा चार असतात आणि त्या सरळ नसतात. फाइल वापरून वापरून थकते आणि वळणावर कधीतरी तुटते. चांगल्या डॉक्टरच्या हातूनही तुटते. तुटलेला तुकडा काढता येतो, बाजूने वाट काढता येते, कधी तो तसाच ठेवून लक्षही ठेवतात. म्हणजे फाइल तुटणं हा आपोआप निष्काळजीपणा ठरत नाही. मला राग आहे तो न सांगण्याचा. माहीत असतं तर पहिल्या सुजेलाच आम्ही नागपूर गाठलं असतं. दाढ वाचलीच असती असं मी म्हणत नाही, पण तसा प्रयत्न तरी झाला असता.

आमच्या कामात सर्व्हर बंद पडला की दुसऱ्या दिवशी लिहून द्यावं लागतं: किती वाजता काय झालं, कोणाला कधी कळलं, काय केलं. चूक झाली म्हणून सहसा कोणाची नोकरी जात नाही, लपवली तर जाऊ शकते. आणि आमच्याकडे बिघडतं ते बहुतेक वेळा एखादं ॲप.

मी तक्रारीचं बोललो तेव्हा बाबा म्हणाले, "डॉक्टरले आपुन काय विचाराव? थे शिकेल मानूस हाय." हेच बाबा कृषी केंद्रात औषधाच्या बाटलीवरची तारीख तीनदा वाचतात, व्यापाऱ्याने क्रेट मोजला की स्वतः पुन्हा मोजतात. त्यांना प्रश्न विचारता येत नाहीत असं नाही. फक्त डॉक्टरसमोर विचारायचे नसतात, असं त्यांना कोणीतरी कधीतरी शिकवलंय.

कायदा तसं शिकवत नाही. १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर वीसेक वर्षांच्या एका मुलाचं मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला आणलं. तिथे पुरेशी भूल न देता पाय ओढून हाड बसवलं गेलं आणि त्याच रात्री तो गेला. वडिलांनी खटला लढवला. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरची जबाबदारी कायम केली. भरपाई होती ३००० रुपये. पण रुग्ण हाती घ्यायचा की नाही, कोणते उपचार द्यायचे आणि ते कसे द्यायचे, या तिन्ही ठिकाणी डॉक्टरने काळजी घेतली पाहिजे, हे त्या निकालात लिहिलं गेलं. १९९५ मध्ये पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली आले. आता आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दंतवैद्यांच्या २०१४ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाच्या नोंदी किमान तीन वर्षं ठेवायच्या असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात.

म्हणून मी आधी नोंदी मागितल्या. साधं पत्र, रजिस्टर पोस्टाने, बाबांच्या सहीचं. महिन्याने फोटोकॉपी केलेला एक कागद आला. नाव, वय, दाताचा क्रमांक, तीन तारखा आणि 'आर.सी.टी. पूर्ण'. बाकी काही नाही. आमच्याकडे नागपूरचा एक्स-रे आहे, काढलेली दाढ आहे. मी ती डबीत जपून ठेवलीय, आत तो तुकडा आहे.

वकील म्हणतात, केस होऊ शकते, पण तज्ज्ञाचं मत लागेल, वेळ लागेल. मुदत संपायला अजून काही महिने आहेत. मी बाबांना सगळं समजावून सांगितलं आणि किती रक्कम मागायची ते विचारलं. ते बागेतून नुकतेच आले होते, ओट्यावर पाय धूत होते.

"पैशाचं तू पाह्य," ते म्हणाले. "पन तुटली म्हनून लिहून मांग. त्यायच्या कागदावर."

अर्जाच्या मसुद्यात तीच मागणी मी पहिल्या क्रमांकावर घातली आहे.