डावी बाजू

डॉक्टरांनी कागदावर पेनाने छाती काढून डावा स्तन गेल्यानंतरच्या वाटा समजावल्या. सिलिकॉनचं इम्प्लांट, नाहीतर पोटाची कातडी आणि चरबी उचलून वर बसवायची, बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडायच्या. किंवा काहीच न करता छाती सपाट ठेवायची. इम्प्लांट जन्मभराचं नसतं, पुढे बदलावंही लागतं. आणि नव्या स्तनाला पूर्वीसारखा स्पर्श बहुधा कळत नाही. हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, त्याचं मला बरं वाटलं.

सध्या ब्लाउजच्या आत क्रोशाने विणलेला सुती स्तन असतो. इतका हलका, की वरच्या फळीवरचा डबा काढायला हात उचलला की तो सरकतो. मग पदराआडून बोटं तिथे जातात.

जाऊबाई मायेनेच म्हणाल्या, "आता या वयात कशाला हवंय?" ते अजून सलतं. आपलं शरीर आपल्याला हवंसं वाटायला वयाची अट कसली?

ऑड्री लॉर्ड या अमेरिकी कवयित्रीने कृत्रिम स्तन नाकारला, १९८० साली त्यावर पुस्तक लिहिलं. तिच्या निर्धारापुढे मी नमते. तरी मला ब्लाउज दोन्हीकडे सारखा बसलेला हवा आहे.

रेडिएशननंतर कातडी सावरेपर्यंत काही महिने थांबायचंय. तोवर सकाळी पोटाचं ऑपरेशन करावंसं वाटतं, रात्री नको वाटतं.