मंडईपासून भरतपर्यंत

श्रावण लागला की आमच्या घरी दोन याद्या तयार होतात. पहिली आमच्या सौभाग्यवतींची. तीत पडवळ, अळू, केळफूल, आघाडा, दूर्वा, मंगळागौरीची पत्री असे जिन्नस असतात, व ते आणावयाचे ठिकाण ठरलेले, ते म्हणजे मंडई. दुसरी यादी आमची. पुरुषोत्तम करंडकाच्या प्राथमिक फेरीत कोणत्या सायंकाळी कोणत्या महाविद्यालयाची एकांकिका, याचे ते टिपण असते. दोन्ही याद्या आम्ही एकाच खिशात ठेवतो, आणि एकदा गडबडीत भाजीवालीपुढे दुसरीच उलगडून आम्ही एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे नाव मोठ्याने वाचले होते, हे येथे कबूल केलेले बरे.

ज्या वाचकांस या स्पर्धेची माहिती नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने 1963 साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी ही एकांकिका स्पर्धा सुरू केली. सामने भरत नाट्य मंदिरात होतात. दररोज सायंकाळी तीन एकांकिका, याप्रमाणे एक्कावन्न संघांची प्राथमिक फेरी पंधरवड्याहून अधिक दिवस चालते आणि त्यातून नऊ संघ अंतिम फेरीस जातात. पहिल्यास पुरुषोत्तम करंडक, दुसऱ्यास हरी विनायक करंडक, तिसऱ्यास संजीव करंडक, आणि प्रयोगशील एकांकिकेस जयराम हर्डीकर यांच्या नावाचा करंडक मिळतो. जब्बार पटेल व मोहन आगाशे ही मंडळी बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असता याच स्पर्धेत गाजली. आम्हीही एका वर्षी एका एकांकिकेत शिपायाचे काम केले होते. त्या शिपायास तीन वाक्ये होती व त्यांपैकी एक आम्ही विसरलो. त्यानंतर आम्ही प्रेक्षकांत बसू लागलो, ते आजतागायत.

आमचा भाचा अमेरिकेत असतो. मार्च महिना उजाडला की त्याचे चित्त ठिकाणावर नसते. तेथे महाविद्यालयांच्या संघांची बास्केटबॉलची मोठी स्पर्धा भरते. ती 1939 सालापासून चालत आली असून हल्ली तीत अडुसष्ट संघ उतरतात, व एक सामना हरला की तो संघ घरी जातो. लोक आधीपासून कोष्टके मांडतात, कोण कोणास हरवील याचे अंदाज लिहून ठेवतात, कचेरीत कामाच्या वेळी चोरून सामने पाहतात, आणि ज्या महाविद्यालयाची पायरीही कधी चढले नाहीत त्याच्या पराभवाने दोन दिवस अन्न गोड लागू देत नाहीत. भाच्याने हे सर्व मोठ्या अपूर्वाईने सांगितले. "मामा, तुम्हाला हे वेड समजायचे नाही," असेही वर म्हणाला. आम्ही काही बोललो नाही. आमच्या खिशातील कागदावर त्या वेळी नऊ महाविद्यालयांची नावे अंदाजाने लिहिलेली होती, व त्यांपैकी सात बरोबर आल्यास टिळकांच्या पुतळ्याजवळ जमणाऱ्या चौघा मित्रांनी आम्हास मिसळ द्यावयाची होती.

हा पुतळा मंडईच्या आवारातील. 1924 साली पंडित मोतीलाल नेहरूंच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. त्याच्या आसपास राजकारणापासून पावसापर्यंत सर्व विषयांचा काथ्याकूट करणाऱ्या मंडळींना पुणेकर 'मंडई विद्यापीठ' म्हणतात. येथे प्रवेशपरीक्षा नाही व पदवीदान तर नाहीच नाही. मात्र अपमान करून घेण्याची तयारी असावी लागते. मागे उभी असलेली, मधोमध अष्टकोनी मनोरा व त्यातून निघालेल्या पाखा अशी ती भव्य इमारत 1886 साली लॉर्ड रे या गव्हर्नराच्या नावाने उघडली गेली. मौज अशी की, नगरपालिकेचे सभासद असताना ज्या जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला, हा पैसा शिक्षणाकडे लावा असे सांगितले, त्यांचेच नाव पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने या मंडईस मिळाले. आता खालून भुयारी मेट्रो धावते. 2024 च्या सप्टेंबरात येथले स्थानक उघडले, तेव्हापासून स्वारगेटाहून येणारी मंडळी जमिनीतून वर येतात ती थेट कोथिंबिरीच्या वासात.

मंडई व भरत यांच्यामध्ये चालत जाण्याइतकेच अंतर आहे. बाजीराव रस्ता ओलांडून सदाशिव पेठेच्या बोळांत शिरावे, खुन्या मुरलीधराला बाहेरूनच हात जोडावेत, आणि पुढे ज्या दिशेने आरोळी ऐकू येईल तिकडे वळावे. "अरे आव्वाज कुणाचा!" असा एक कंठ फुटतो व पाठोपाठ शंभर कंठांतून महाविद्यालयाचे नाव उठते. शेजारच्या वाड्यांतील लोकांना याचा त्रास होत असेल, नाही असे नाही. पण या पेठेने इतक्या वर्षांत पुष्कळ सोसले आहे. नाट्यगृहाच्या आवारात पोरे रिंगण करून उभी असतात. कोणाच्या खांद्यावर लाकडी चौकट, कोणाच्या हाती कंदील, कोणी भिंतीकडे तोंड करून स्वगत पाठ म्हणत आहे, तर कोणी उगाचच रडत आहे. आपल्या संघाचे नाव पुकारले की हीच पोरे अशी गप्प होतात, की पावसाची टिपटिप ऐकू यावी. आत तासाभरात सर्व आटपावयाचे. लेखक विद्यार्थी, दिग्दर्शक विद्यार्थी, खिळा ठोकणारा विद्यार्थी. डोळे दिपविणाऱ्या साधनांपेक्षा लिखाणाला व अभिनयाला येथे मान, ही या स्पर्धेची जुनी शिस्त आहे, व आम्हास ती फार आवडते. पुष्कळ एकांकिका सुमार असतात हे खरे. पण एखाद्या सायंकाळी, तिसरी घंटा होऊन पडदा उघडतो, आणि एकोणीस वर्षांचा एक मुलगा नुसता खुर्चीवर बसतो तो असा, की आपली पाठ खुर्चीपासून सुटते. त्या एका क्षणासाठी आम्ही उरलेल्या पन्नास एकांकिका सोसतो.

गेल्या श्रावणात मात्र आम्ही निव्वळ प्रेक्षक राहिलो नव्हतो. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या शिक्षणासाठी आमच्याकडे असते, व तिच्या महाविद्यालयाच्या एकांकिकेत तिला मुख्य काम मिळाले. इतकेच नव्हे तर संहिताही तिनेच लिहिली होती. कथा मंडईतीलच. पहाटेची वेळ, भाजीचा लिलाव पुकारला जात आहे, आणि एका भाजीवालीचा मुलगा घर सोडून निघाला आहे. तालमी आमच्या गच्चीवर झाल्या. चहाची पातेली चढत होती व उतरत होती. आम्हास सर्व संवाद पाठ झाले, आणि आम्ही ज्याला त्याला सांगू लागलो की यंदा करंडक कोठे जाणार हे आम्हास ठाऊक आहे.

सामानासाठी हारे, पाट्या व तागडी हवी होती. तीस वर्षे ज्यांच्याकडून आम्ही भाजी घेतो त्या मावशींकडे आम्ही मुलीला घेऊन गेलो. मावशी आपल्या गाळ्यावर उंच बसलेल्या, पुढे दोडक्यांची व भेंडीची उतरंड. विजेचा काटा आल्यापासून त्यांची जुनी तागडी खाली पोत्यांत पडून होती, ती त्यांनी काढून दिली.

"नाटक कशावर हाय?" त्यांनी विचारले.

"तुमच्यावरच, मावशी," पुतणी म्हणाली.

"मग मला बघाया पायजे. आन् पाटी मोडली तर भरून द्यायची, आत्ताच सांगते."

आम्ही त्यांचे तिकीट काढू म्हणालो तेव्हा त्यांनी आमच्याकडे अशा दृष्टीने पाहिले, की तो विषय आम्ही तेथेच सोडला. त्या दिवशी सुनेला गाळ्यावर बसवून, डोक्यात गजरा माळून, त्या स्वतःच्या तिकिटावर आमच्या शेजारी येऊन बसल्या.

प्रयोग पार पडला. टाळ्या पडल्या. आवारात आरोळ्या झाल्या, आणि आम्ही पुतणीच्या पाठीवर थाप मारून "उत्कृष्ट!" असे म्हणालो. खरे सांगावयाचे तर मध्यावर आमचे लक्ष दोनदा घड्याळाकडे गेले होते, व शेवटच्या लांब रडण्याच्या प्रसंगी आम्हास थोडा संकोचही वाटला होता. परंतु मूल आपले. काकूंनीही तेच म्हटले. मग पुतणी मावशींकडे वळली.

"चांगलं बोललीस," मावशी म्हणाल्या. "पर लिलाव हितं कुठं होतो? त्यो गुलटेकडीला. आम्ही रातचं तिकडं जातो, माल घेतो, टेम्पोत घालून हितं आणतो. आन् तागडी अशी धरलीस तर गिऱ्हाईक थांबंल व्हय? आन् आणखी एक. पहाटेच्याला येवढं रडाया येळ कुणाला असतो गं? माझा थोरला गेला तवा मी पालकाच्या जुड्या सोडवत हुते. जुड्या संपल्यावर रडले."

पुतणीचा चेहरा उतरला. आम्हास मावशींचा राग आला, हे लपविण्यात अर्थ नाही. कौतुकाच्या दिवशी असे बोलावे काय, असे काहीतरी आम्ही पुटपुटलोही. पोर रात्रभर काही बोलली नाही व जेवलीही जेमतेम.

पंधरा दिवसांनी प्राथमिक फेरीचा निकाल लागला. नऊ नावे वाचली गेली. त्यांत ते नाव नव्हते. आवारात शेजारच्या कोपऱ्यातून जल्लोष उसळला, व आमच्या कोपऱ्यात कोणी कोणाकडे पाहिले नाही. आमच्या कोष्टकातील नवांपैकी पाच बरोबर आली होती. पण त्या रात्री मिसळीची आठवण कोणास झाली नाही.

दुसऱ्या दिवशी टिळकांच्या पुतळ्याजवळ एका मित्राने आम्हास नेमके धरले. 2022 साली अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी पुरुषोत्तम करंडक कोणत्याच संघास दिला नाही. त्या दर्जाची एकही एकांकिका नाही, असा त्यांचा निर्णय होता. स्पर्धेच्या इतिहासात असे पूर्वी घडले नव्हते, व गावभर त्याची चर्चा झाली. कोणी म्हणे, मुलांचा हिरमोड केला. तुलनेने जो उत्तम त्यास द्यावयास हवा होता. कोणी म्हणे, करंडकाची शान राखली. आम्ही त्या वेळी याच जागी उभे राहून, हातवारे करून, परीक्षकांची बाजू लढविली होती. मुलांना खोटे कौतुक चारणे म्हणजे त्यांचे नुकसान करणे आहे, अशी वाक्ये आम्ही टाकली होती, आणि ती मित्राने जशीच्या तशी लक्षात ठेवली होती.

"मग पुतणीला काय सांगितलंत?" त्याने विचारले.

आम्ही पावसाकडे पाहिले. परक्यांच्या मुलांच्या बाबतीत आम्ही करडे परीक्षक होतो. मावशींना नाटकांच्या परीक्षणाशी काही कर्तव्य नव्हते. त्यांनी जे दिसले ते सांगितले, व तेही पोरीच्या तोंडावर. आम्ही मात्र चाळीस वर्षे पुढच्या रांगेत बसूनही घड्याळ पाहिल्याचे लपविले. त्या सायंकाळी घरी येऊन आम्ही पुतणीस खरे ते सांगितले. मध्यावर नाटक कोठे सैल पडले, रडणे किती लांबले, सर्व काही. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "काका, हे तालमीत का नाही सांगितलंत? गच्चीवर तर रोज असायचात." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. सौभाग्यवतींजवळ होते, पण त्यांनी ते मुलीदेखत दिले नाही.

सामान परत करावयास आम्ही दोघे गेलो तेव्हा मावशींनी हारे मोजले, पाट्या उलट्या करून पाहिल्या. एका पाटीची कड उसवली होती. त्यांनी तिचे पैसे सांगितले व आम्ही ते दिले; पूर्वीच ठरलेली गोष्ट. तागडी त्यांनी घेतली नाही. "ऱ्हाऊ दे तुझ्याकडं," असे पुतणीला म्हणाल्या, "धरायची शीक." मग मागे सरकून त्यांनी गाळ्यावर थोडी जागा केली. पुतणीने चप्पल काढली आणि वर चढून बसली. पुढ्यात मेथीचा भारा आला. मावशी हात चालवीत होत्या, पुतणी त्यांच्या हाताकडे पाहत होती, आणि तिची वही पिशवीतच राहिली.

गुलटेकडीला रात्री किती वाजता निघतात, हे तिने आमच्यासमोरच विचारले. सौभाग्यवतींच्या यादीतील अळू घेऊन आम्ही एकटेच घरी परतलो, व तिला इतक्या रात्री तेथे सोडावयास कोण जाणार याची वाटाघाट अद्याप आमच्या घरी चालू आहे.