हवेचा हिशेब

सामान बांधायच्या बाबतीत मी घरात कुणाचं ऐकत नसे. सगळी नोकरी कारखान्यात गेली, त्यामुळे बॅगेत रिकामी जागा दिसली की मला चैन पडायचं नाही. तीन वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं न्यू जर्सीला निघालो. हिने काढून ठेवलेल्या ढिगात दोन गोधड्या, डझनभर दुपटी, झबली-टोपडी, लोकरीचे स्वेटर आणि मोठा डबाभर कुरडया होत्या. वजन किरकोळ, पण पलंग भरून वर उरलेला पसारा.

मी हवा काढून घेणाऱ्या पिशव्या आणल्या, व्हॅक्यूम क्लीनरची नळी लावली आणि गोधड्यांचे पापड केले. मग कुरडयांचा डबा डोळ्यांत खुपायला लागला. ‘‘यात निम्मी हवाच आहे,’’ म्हणत कुरडया प्लॅस्टिकच्या पिशवीत ओतल्या आणि दोन स्वेटरांच्या मधे दाबल्या. ‘‘अहो, डबा राहू द्या,’’ ही म्हणाली. मी ऐकलं नाही. मोकळ्या झालेल्या जागेत भाजणी, गोडा मसाला, डिंकाचे लाडू, पुस्तकं, बसतंय म्हणून भरत गेलो.

विमानतळावरच्या काट्याने पहिल्याच बॅगेचे 27 किलो दाखवले. मर्यादा 23 ची. उरलेल्या तिन्ही बॅगाही मीच भरलेल्या, म्हणजे काठोकाठ. रांग अडवून फरशीवर बसलो, बॅग उघडली. मसाल्याची पुडी ओढताना पिशवीचं तोंड सुटलं आणि गोधडी फुगली ती पुन्हा बॅगेत जाईना. शेवटी ती हिने खांद्यावर घेतली आणि मी जास्तीच्या वजनाचे पैसे भरले.

शाळेत शिकलेलं मी विसरलो होतो. घनमीटरभर हवेचं वजन साधारण 1.2 किलो, म्हणजे शंभर लिटरच्या बॅगेतली हवा सव्वाशे ग्रॅमसुद्धा नाही, आणि काट्यावर तर तेवढीही उमटत नाही. मी वजन काडीचं कमी केलं नव्हतं. वजन वाढवायला जागा मात्र करून दिली होती.

लेकीकडे पिशवी उघडली तर कुरडयांचा चुरा. तिने तो भिजवला, कांदा परतला आणि झकास भाजी केली. सगळ्यांनी मिटक्या मारल्या. मी मान वर केली नाही.

गेल्या वर्षी फुगीर सामान आधी कुरिअरने पाठवायचं ठरवलं. तिथे लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून 5000 ने भागतात आणि येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा मोठा असेल तर त्याचेच पैसे लावतात. माझं खोकं 60 बाय 40 बाय 40 सेंटिमीटरचं. आत चार किलो सामान, आकारणी 19.2 किलोची! विमानाच्या बॅगेला हा गुणाकार नसतो. तिन्ही बाजूंची बेरीज 158 सेंटिमीटरच्या आत असली की पुढे काटा सांगेल ते खरं. हलकं-फुगीर सामान न्यायची स्वस्त जागा म्हणजे आपलीच बॅग, हे तेव्हा कळलं.

आता आम्ही हिच्या पद्धतीने भरतो. पिठं-मसाले चाकांच्या बाजूला तळाशी, कुरडया टणक डब्यात, डबा मधोमध आणि त्याच्या चहूबाजूंनी दुपटी, स्वेटर, गोधडी न दाबता. धक्का बसला तर तो गोधडी सोसते. ज्या हवेला मी शत्रू समजत होतो, तिच्याच भरवशावर आता कुरडया सातासमुद्रापार जातात.

गेल्या खेपेला एकही मोडली नाही. नातवाने मात्र चुऱ्याची भाजी मागितली, तेव्हा चार कुरडया मी स्वतःच्या हाताने कुस्करल्या.