वीटभट्ट्यांच्या वस्तीतून पेनांगच्या गल्लीत

पाठीला सॅक लावून मलेशिया बघायला जाणार, असे आम्ही चाळीत सांगितले तेव्हा पहिला प्रश्न आला, "टूरवाल्याबरोबर का नाही?" उत्तर सोपे होते. टूरच्या पैशात आमच्यातला एकच जण जाऊ शकला असता, आणि जायचे होते तिघांना. लेकीने मैत्रिणींकडून दोन सॅक उसन्या आणल्या. तिसरी म्हणजे आमची गावाला जायची जुनी बॅग. तिलाच पट्टे शिवून घेतले. आत दोन-दोन कपडे, सुका ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी.

क्वालालंपूरला मुक्काम केला तो ब्रिकफील्ड्स वस्तीत. या शहरात १८८१ साली आग लागली, पूरही आला. त्यानंतर लाकडाच्या आणि झापांच्या घरांऐवजी विटांची घरे बांधायचे ठरले आणि या भागात वीटभट्ट्या लागल्या. तेच नाव वस्तीला चिकटले. पुढे रेल्वे आली, यार्ड आले, कामगारांची क्वार्टर्स आली. तमिळ आले, सिंहली आले. आमच्या घरातल्या एका पिढीने माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात हाडे झिजवली आहेत, त्यामुळे ही वस्ती पहिल्याच संध्याकाळी ओळखीची वाटली. आता तिथे उंच इमारती आहेत, पण फुलांचे गजरे आणि फोडणीचा वास अजून रस्त्यावर येतो.

याच वस्तीत महाविहार आहे. सिंहली बांधवांनी १८९४ साली स्थापन केलेल्या संस्थेचा हा विहार. पूज्य भन्ते के. श्री धम्मानंद १९५२ साली श्रीलंकेहून इथे आले आणि २००६ साली त्यांचे निधन होईपर्यंत त्यांनी याच देशात काम केले. त्यांची साध्या इंग्रजीतली पुस्तके आपल्याकडेही कोणाकोणाच्या घरी असतील. आम्ही संध्याकाळच्या वंदनेला जाऊन मागे बसलो. शेजारी एक चिनी आजीबाई, पुढे एक सिंहली कुटुंब. आपसात काय बोलतात त्यातले अक्षर कळेना. मग त्रिशरण सुरू झाले आणि आम्हां तिघांच्या तोंडून शब्द आपोआप बाहेर पडले. चाल निराळी, उच्चार थोडे निराळे, पण पाली तीच. आजीबाईंनी वळून पाहिले आणि आपल्या हातातल्या उदबत्त्यांपैकी तीन आमच्यापुढे केल्या.

या देशात मलाय, चिनी आणि भारतीय वंशाचे लोक शेजारी शेजारी राहतात. २०२० च्या शिरगणतीप्रमाणे शंभरात त्रेसष्टच्या वर मुसलमान, जवळजवळ एकोणीस बौद्ध, नऊ ख्रिस्ती आणि सहा हिंदू. बुद्धपौर्णिमेला तिथे वेसाक म्हणतात आणि त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. हे सगळे लोक एकत्र दिसतात ते मामाकच्या हॉटेलात. मामाक म्हणजे तमिळ मुसलमान. तिथे रोटी चनाई हवेत फिरवून ताणतात आणि तेह तारिक हा चहा दोन भांड्यांतून उंचावरून ओततात. नारळाच्या दुधातल्या भाताला नासी लेमाक म्हणतात. त्याबरोबर तिखट सांबल, शेंगदाणे, अंडे आणि तळलेली बारीक सुकी मासळी. सुकटीवर वाढलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे! आमचा ठेचा दोन दिवस तसाच राहिला.

सगळेच गोड आहे असे मात्र समजू नये. चिनी हॉटेलात डुकराचे मांस असेल तर मलाय माणूस तिथे जेवायला बसत नाही. १३ मे १९६९ रोजी याच शहरात वांशिक दंगल पेटली होती, आणि १९७१ पासून मलाय व मूळनिवासी लोकांना सवलती देणारे धोरण आले. सरकारी अर्जात वंशाचा रकाना असतो. मलाय, चिनी, भारतीय आणि उरलेले 'लाइन-लाइन', म्हणजे इतर.

पेनांगला जायला आम्ही बटरवर्थची गाडी धरली. साधारण चार तासांचा प्रवास. समोरच्या बाकावर एक वृद्ध तमिळ गृहस्थ होते, इपोहला उतरणारे. लेक त्यांना अंकल म्हणू लागली. मुंबईचे म्हटल्यावर ते खूश झाले. चिवडा दिला, त्यांनी केळ्याचे वेफर्स दिले. थोड्या वेळाने आवाज खाली आणून त्यांनी विचारले, "तुम्ही कोणत्या लोकांपैकी?"

हा प्रश्न आम्ही ओळखतो. आधी आडनाव, मग गाव, मग गावातली आळी. आम्ही गप्प झालो. इतक्या लांब येऊनही तेच! लेकीने मात्र सरळ सांगितले, "आम्ही बौद्ध."

"बौद्ध? पण तुम्ही चिनी तर दिसत नाही!"

आम्हांला हसू आवरेना. मग त्यांना बाबासाहेबांविषयी, १९५६ च्या नागपूरविषयी सांगितले. बाबासाहेबांचे नाव त्यांनी ऐकले होते, धर्मांतराची गोष्ट मात्र त्यांना नवीन होती. खिडकीबाहेर ताडतेलाचे मळे पळत होते. पूर्वी इथे सगळे रबर होते, ते म्हणाले. त्यांचे आजोबा कंगाणीबरोबर, म्हणजे मुकादमाबरोबर, तमिळ मुलखातून आले. पहाटे अंधारात उठायचे, झाडाच्या सालीला तिरकी चीर द्यायची, चीक वाटीत जमला की गोळा करायचा. राहायला 'लाईन'. आपल्या चाळीसारख्या एका रांगेतल्या खोल्या. पण त्यांच्या लोकांची लाईन वेगळी, पाण्याच्या टाकीपासून लांब. मळ्यावरच्या देवळातही त्यांनी दाराबाहेर उभे राहायचे.

"आपले कोणी भेटले तर बोलावे, म्हणून विचारले," ते म्हणाले. नातीचे लग्न मोडले होते. मुलाच्या आईने हाच प्रश्न विचारला होता.

इपोह येण्याआधी त्यांनी ब्रिकफील्ड्सच्या विहाराचा रस्ता विचारला. लेकीने तिकिटाच्या मागे नकाशा काढून दिला. नात क्वालालंपूरलाच नोकरी करते, एवढेच ते म्हणाले. तिकीट घडी करून त्यांनी चष्म्याच्या घरात ठेवले.

बटरवर्थहून बोटीने पेनांगला पोहोचलो. तिथे एका गल्लीत समोरासमोर दोन विहार आहेत, एक थाई, एक ब्रह्मी. ब्रह्मी विहार १८०३ चा, थाई १८४५ चा. थाई विहारात ३३ मीटर लांबीची पहुडलेली बुद्धमूर्ती आहे आणि तिच्या मागच्या कोनाड्यांत लोकांनी आपल्या माणसांच्या अस्थी ठेवल्या आहेत. प्रत्येक कोनाड्यावर नाव आणि फोटो. बरीचशी नावे चिनी. लेक एकेक फोटो बघत सावकाश चालली. आम्हांला गाडीतल्या अंकलच्या आजोबांची आठवण झाली. त्यांना कुठे पुरले की जाळले, हे आम्ही विचारलेच नव्हते.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा माफ झाला, पण निघण्याआधी नियम पुन्हा बघून घ्यावा. छत्री न्यावी, पाऊस न सांगता येतो. आणि हॉस्टेलात खाट घेताना खालची मागावी. आम्हांला वरची मिळाली, आणि चाळिशी ओलांडलेल्या गुडघ्यांनी ती शिडी रात्री दोनदा चढणे म्हणजे काय, ते आम्हीच जाणतो.