वाटांवरून भूमीची पारख

वसईच्या पाचूबंदरावरून दूर जाणाऱ्या जहाजाचें बूड आधीं दिसेनासें होतें, डोलकाठी मागाहून. पृथ्वी वाटोळी असल्याचा हा दाखला शाळकरी मुलासही ठाऊक असतो. परंतु ज्यास क्षितिजच दिसत नाहीं, त्याला पायांखालची भूमि सपाट कीं वक्र हें कसें कळावें? विषुववृत्तावरून शेजारीं शेजारीं निघालेलीं दोन गलबतें नेमकीं उत्तरेकडे चाललीं, तर आरंभीं समांतर असलेल्या त्यांच्या वाटा, कोणीं सुकाणूं न फिरवितांही, जवळ जवळ येत जातात. वाटांमधील अंतर कसें पालटतें, यावरूनच वक्रता मोजतां येते.

या विचारास पुढें नेणाऱ्यांत दामोदर धर्मानंद कोसंबी होते. त्यांचा जन्म १९०७ सालीं गोव्यांत झाला. ते हार्वर्डचे पदवीधर. सामान्यतः आधीं अंतराचें माप ठरतें व त्यावरून वाटा निघतात. कोसंबींनीं मापाची अट सोडली. वाटेवर वेग कसा पालटतो हें सांगणारीं समीकरणें तेवढीं हातीं घेऊन त्यांवरून भूमिति उभारली. १९३३ सालीं हा निबंध एका जर्मन गणितपत्रिकेंत छापला गेला आणि त्याच अंकांत, लगतच्याच पानांवर, विख्यात फ्रेंच भूमितिज्ञ एली कार्तां यांनीं त्यावर टिपण लिहिलें. १९३९ सालीं चिनी गणिती चर्न यांनीं तो विषय वाढविला. आज तो कोसंबी-कार्तां-चर्न सिद्धांत म्हणून ओळखला जातो.

आमच्या सुशिक्षित घरांत मात्र कोसंबी ठाऊक असतात ते इतिहासकार म्हणून, किंवा धर्मानंदांचे चिरंजीव म्हणून. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत आणि १९४६ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत त्यांनीं गणितांत वर्षें घालविलीं, याची वार्ताही नसते.

विरारच्या गाडींत उभ्यानें प्रवास करून शिकणारा एखादा बुद्धिमान मुलगा शुद्ध गणित घेईन म्हणतो, तेव्हां वडील विचारतात, “सर, यावर पोट भरेल ना?” हा प्रश्न क्षुद्र नव्हे, घराचे हप्ते त्यांनाच भरावयाचे असतात. कोसंबींच्या भूमितीनें किंचित् ढळलेली वाट पुन्हां मूळ वाटेजवळ येईल कीं दुरावेल हें तपासतां येतें, आणि पदार्थविज्ञानांत व जीवशास्त्रांत तिचा वापर होऊं लागला आहे, हें आम्ही त्यांस सांगतों. पण उपयोगाची हमी आम्ही देत नाहीं. १९३३ सालीं ती कोणींच दिली नसती.