येझदी कापण्याआधी

वर्सोवा

चि. भाच्यास,


भावोजींची येझदी रोडकिंग चालू करून तिची बॉबर करायची, फ्रेमचा मागचा भाग कापून एकच सीट बसवायची, दोन्ही सायलेन्सर आखूड करायचे, हा तुझा बेत ताईनं सांगितला. मागोमाग तू काढलेलं चित्रही मिळालं. चित्र देखणं आहे. गाडी चालू व्हायलाच हवी, त्याबद्दल दुमत नाही. कटर मात्र सगळ्यात शेवटी. असं का, ते फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी गाडीचं घराणं ऐक. झेकोस्लोव्हाकियात फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ साली जावा सुरू केली. मुंबईत या गाड्या आणून विकणाऱ्या इराणी कुटुंबातल्या रुस्तम आणि फारोख इराणींनी पुढे म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना काढला आणि १९६१ मध्ये तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९७३ पासून टाकीवर जावाच्या जागी येझदी हे नाव आलं, १९७८ मध्ये रोडकिंग आली, १९९६ मध्ये कारखान्याला टाळं लागलं. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावं नव्या कंपनीनं पुन्हा बाजारात आणली, पण त्या गाड्यांचं इंजिन फोर-स्ट्रोक. त्यांचा एकही पिस्टन आपल्या गाडीला बसत नाही.

भावोजींची गाडी १९८६ ची, म्हणजे एमएच मालिका सुरू होण्याआधीच्या नंबराची. २५० सीसी, टू-स्ट्रोक. सिलिंडर एकच, पण धूर जायला वाटा दोन, म्हणून सायलेन्सरही दोन. ज्या दांड्यानं किक मारायची तोच दुमडला की गिअरचा दांडा होतो, आणि तो पायाखाली दाबताच क्लच आपोआप सुटतो, हाताला काम उरत नाही. ही करामत त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्या गाडीत सहसा बघायला मिळायची नाही.

ती इतकी वर्षं उभी आहे, आणि तीही वर्सोव्यात. इथल्या हवेत मीठ आहे. यारी रोडवरच्या खिडक्यांचे गज दर दोन-तीन वर्षांनी रंगवावे लागतात, तिथं क्रोमची काय कथा! त्यात सोसायटीच्या वॉचमननं चांगल्या भावनेनं गाडीवर ताडपत्री करकचून बांधली. प्लास्टिकखाली दमटपणा कोंडतो, रात्री लोखंडावर दव धरतं आणि क्रोमच्या बारीक छिद्रांतून गंज आत उतरतो. कोळीवाड्यातले लोक यंत्राला अशी वागणूक देत नाहीत. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्यावर ओढल्या की इंजिन धुवायचं, तेल बदलायचं, उघड्या लोखंडाला ग्रीस चोपडायचं, हे ठरलेलं. बंद यंत्राला चालत्या यंत्रापेक्षा जास्त जपावं लागतं, हे दर्याशी रोजचं देणंघेणं असलेल्या माणसांना सांगावं लागत नाही.

म्हणून पहिली ताकीद. ताडपत्री काढलीस की लगेच किक मारू नकोस. सगळे तेच करतात. बोअरला गंज धरलेला असतो, पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटलेल्या असतात, आणि जोर लावून मारलेल्या त्या किकेत बोअरवर उभा ओरखडा उठतो. त्याऐवजी प्लग काढ, त्या भोकातून थोडं इंजिन ऑइल सोड आणि गाडी तशीच राहू दे. काही दिवसांनी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं अगदी हळू फिरव. पिस्टन हलला तर नशीब. नाही हलला तर हातोडी न उचलता सरळ इंजिन खोलायचं.

तसंही ते खोलावंच लागणार आहे. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, तिथं दाबलं जातं आणि मग वर सिलिंडरात जातं. त्यासाठी क्रँककेस हवाबंद लागते. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असतात ती याचसाठी. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की ही सील वाळून कडक होतात. एका बाजूचं सील गेलं तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन भलतं तापतं आणि भर रस्त्यात पिस्टन सीझ होतो. दुसऱ्या बाजूचं गेलं तर गिअरबॉक्सचं तेल इंजिनात ओढलं जाऊन जळतं, आणि गाडीमागे पांढऱ्या धुराचा लोट निघतो. किती तरी जुन्या जावा-येझदी चालू होऊन महिनाभरात पुन्हा बसल्या, त्या या दोन स्वस्त सीलांपायी. बाहेरून रंग मारून, टाकी चमकवून चालू केलेल्या गाडीला ‘रिस्टोअर केली’ म्हणणं ही फसवणूक आहे.

बाकीची कामं तुला ठाऊक असतील. टाकी आतून गंजाच्या पापुद्र्यांनी भरलेली असणार. ती साफ केल्याशिवाय कार्ब्युरेटर धुणं वाया जाईल. कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जुनं पेट्रोल वाळून डिंकासारखं घट्ट झालेलं सापडेल. पॉइंटच्या तोंडांवर राखेसारखी भुकटी चढलेली असते. ती घासून, अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फट फीलर गेजनं लावली की मेलेली वाटणारी ठिणगी निळी होऊन उडते. हा क्षण प्लग इंजिनाच्या फिन्सवर टेकवून स्वतः बघ, मिस्त्रीवर सोडू नकोस. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी शोषतं आणि जुनं रबर खराब करतं, तेव्हा पेट्रोलची नळी आणि कॉकची वायसरं नवीनच घाल. टायर कितीही काळेभोर दिसले तरी त्यांच्यावर विश्वास नको.

सुटे भाग मिळतात. पुण्याच्या नाना पेठेत, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, चोर बाजारात शोधणाऱ्याला अजून बरंच काही सापडतं, आणि जे सापडत नाही ते चांगला लेथवाला घडवून देतो. मिळत नाही ती एकच गोष्ट, कारखान्यातून आलेली, नंबर ठोकलेली फ्रेम. माझा सगळा आग्रह त्यासाठीच आहे.

तू म्हणशील, मुंबईतच लोकांनी गाड्या कापून नाव कमावलं की! खरंच आहे. अक्षय वर्दे विमानसेवेतली नोकरी सोडून या धंद्यात उतरले आणि त्यांच्या ‘वर्देंची’नं बुलेटची इंजिनं घेऊन लांब फोर्कच्या, रुंद मागच्या चाकाच्या चॉपर रस्त्यावर आणल्या. हातानं घडवलेली गाडी हा आपल्याकडेही एक धंदा होऊ शकतो, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे ते मोटरहोम बनवण्याकडे वळले. त्यांचं काम पाहून तुझ्या वयाच्या मुलांचे हात शिवशिवले तर त्यात गैर काही नाही. पण बुलेट १९५५ पासून मद्रासला बनते आहे आणि आजही बनते. एक कापली तरी हजारो उरतात. म्हैसूरची येझदी आता नवीन जन्माला यायची नाही.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणीतला तपशील कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं दंडही वाढला: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. फ्रेम कापणं हा तर गाडीच्या रचनेतलाच बदल. कर्कश सायलेन्सरांवर पोलिसांनी रोड रोलर फिरवल्याच्या बातम्या तूही वाचल्या असशील. शिवाय टू-स्ट्रोकचा सायलेन्सर नुसता आवाज दाबत नाही. त्याच्या आकारामुळे परतणारी दाबाची लाट ताजं मिश्रण सिलिंडरात राखून ठेवते. तो आखूड केलास की गाडी ओरडेल जास्त आणि ओढेल कमी.

आणखी एक हिशेब कर. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. व्हिंटेज गाडी रोज फिरवता येत नाही, तेव्हा तो मार्ग घ्यायचा की नाही ते २०३६ मध्ये तू ठरव. पण आज फ्रेम कापलीस तर ठरवायला काही उरणारच नाही.

मग हौस भागवायची कशी? नटबोल्टनं बसेल आणि नटबोल्टनं निघेल तेवढंच बदल. रुंद हँडल लाव, सीट नवी शिवून घे. जुन्या जावा-येझदीच्या ६ व्होल्टच्या वायरिंगवर रात्री गाडी चालवणं म्हणजे अंदाजपंचे कारभार. ती १२ व्होल्टची करून घेणं ही चैन नव्हे, गरज आहे. रंग बदलायचा तर आरटीओत नोंद कर. काढलेला प्रत्येक भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून पेटीत ठेव. पावडर कोटिंगला फ्रेम देताना हँडलखालच्या चॅसिस नंबरावर पट्टी लावायला विसरू नकोस. सँडब्लास्टिंगमध्ये तो अंक पुसट झाला तर आरटीओचा इन्स्पेक्टर पेन्सिलनं छाप घेताना अडून बसेल, आणि मग ती गाडी कुणाची हे सिद्ध करत बसावं लागेल.

गाडी चालू झाली की वर्सोव्याच्या धक्क्यावरून तिला फेरीत चढव. मोटरसायकलीही पलीकडे नेतात. मढला उतरून मार्व्यापर्यंत चालव, बोअर नवा असेल तर रमतगमत, पेट्रोलमध्ये टूटी ऑइल थोडं सढळ हातानं घालून. परत आल्यावर गोड्या पाण्यानं धू. तशी चार-सहा महिने चालवल्यावरही बॉबरच हवी असं वाटलं, तर दुसरी गाडी शोधायला मी तुझ्याबरोबर येईन.

तूर्त एकच काम. नोंदणीची १५ वर्षांची मुदत कधीच संपली आहे. नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होतं, त्याला फॉर्म २५ लागतो, पर्यावरण कर, विमा आणि पीयूसी लागतं, नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेटही. आंबिवलीचं अंधेरी आरटीओ इथून जवळ आहे, तिथं मी चौकशी करून ठेवतो. ताईच्या कपाटातलं आरसी बुक शोध, त्यातला चॅसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघ आणि दोन्हींचे फोटो या आठवड्यात पाठव.

तुझा,
मामा