मोटार भरणारा माणूस

पारनेर तालुका, जि. अहिल्यानगर
ऑक्टोबर 2025

प्रिय मित्रा,

तुझं पत्र पोचलं, आणि मी ते पारावर मोठ्याने वाचून दाखवलं. ह्यूस्टनच्या तुमच्या मंडळाने कोकणासाठी आपत्ती निधी काढायचं ठरवलंय, हे ऐकून सगळ्यांना फार बरं वाटलं. तुमच्या बैठकीतला वाद मात्र ऐकताक्षणी ओळखीचा वाटला. कपडे, ब्लँकेटं, भांडी जमवून कंटेनर पाठवायचा की पैसे? माझं उत्तर आधी देऊन टाकतो, मग निवांत गप्पा मारू. कंटेनर नको. पैसे पाठवा, पण सगळे पहिल्याच आठवड्यात संपवू नका. आणि त्यातला मोठा वाटा हातात कसब असलेल्या माणसांना तिथे पोचवण्यावर खर्च करा.

हे मी चिपळूणच्या अनुभवावरून सांगतोय. तू तेव्हा ह्यूस्टनला होतास, तुला टीव्हीवर दिसलं तेवढंच ठाऊक असणार. 22 जुलै 2021. आषाढी होऊन दोनच दिवस झालेले. आपल्याकडे बाजरी-मूग पेरून माणसं आभाळाकडे डोळे लावून बसलेली, आणि सह्याद्रीवर मात्र आभाळ फाटलेलं. महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर. आपल्या तालुक्यात वर्षभरात तरी तेवढा पडेल याची खात्री देता येत नाही! वाशिष्ठीला आणि शिव नदीला पूर आला, पौर्णिमा जवळ आलेली असल्याने खाडीला उधाणाची भरती, म्हणजे खालून समुद्र पाणी घेईना. वर कोयनेचं वीज करून सोडलेलं पाणी कोळकेवाडीतून वाशिष्ठीतच येतं. त्या रात्री तिथून किती आणि कधी सोडलं यावरून पुढे बराच वाद झाला. चिपळूणकरांचा रोष धरणाच्या पाण्यावर होता, सरकारी यंत्रणा अतिवृष्टीकडे बोट दाखवत होती. नदी गाळाने उथळ झालीय याबद्दल मात्र दुमत नव्हतं. बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी. एसटी आगाराचे व्यवस्थापक डेपोची रोकड सांभाळत बसच्या टपावर कितीतरी तास बसून होते, ते तू वाचलं असशील. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गावावर डोंगर आला. 2005 च्या 26 जुलैनंतर चिपळूण पुन्हा बुडालं, आणि तेही दीड वर्षाच्या कोरोनाने व्यापाऱ्यांचं कंबरडं मोडल्यावर.

आपल्या गावचा एक मुलगा लोटे एमआयडीसीत नोकरीला आहे. इकडे आम्ही दवंडी देऊन भाकऱ्या जमवायच्या तयारीत होतो, तेवढ्यात त्याचा फोन आला. "काका, खायला इथे ढीग पडलाय. हायवेवर दर शंभर फुटांवर कुणी ना कुणी पाकिटं वाटतंय. खोरी आणा, घमेली आणा, आणि माणसं आणा." त्या एका फोनने सगळं ठरलं. वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेच्या वेळी आपल्या पोरांनी माळावर समतल चर खोदले होते ना, ती सगळी हत्यारं मंदिराच्या खोलीत तशीच पडून होती. टिकाव, खोरी, घमेली पिकअपमध्ये भरली. शिवाय एका डाळिंबवाल्याने आपला फवारणीचा एचटीपी पंप पाइप-गनसकट दिला. पाणी मुरवायला घेतलेली हत्यारं पाण्याने बुडवलेल्या गावात चालली, याचं मला आजही नवल वाटतं. कराड-पाटणवरून कुंभार्ली घाट उतरलो तेव्हा डोंगर इतका हिरवा दिसत होता की खाली काय झालंय याची कल्पना येऊ नये.

हार्वी वादळानंतर तुझ्या भिंतीचे भिजलेले बोर्ड अनोळखी माणसांनी येऊन कापून काढले, असं तू 2017 साली लिहिलं होतंस. तेव्हा मला नीट समजलं नव्हतं की पूर ओसरल्यावर एवढं काम काय उरतं. चिपळुणात समजलं. पाणी निघून जातं, गाळ राहतो. घोट्याएवढा, काही ठिकाणी गुडघ्याच्या वर, आणि त्यात डिझेल, कुजलेला तांदूळ, औषधाच्या दुकानातल्या गोळ्या, सगळं कालवलेलं. हा गाळ ओला आहे तोवरच हलतो. दोन दिवस ऊन पडलं की फरशीला असा धरतो की खोऱ्याची धार वाकते. त्यामुळे घाई असते ती इथे. आधी मागच्या खोलीपासून सुरुवात करायची, गाळ दारापर्यंत ओढत आणायचा, घमेल्यांची साखळी लावून रस्त्यावर टाकायचा, आणि मग भिंती वरून खाली धुवायच्या. डाळिंबाच्या पंपाने तिथे कमाल केली. बादली-झाडूने अर्धा दिवस खाणारी भिंत गनने पाऊण तासात निघायची. पुढच्या गल्लीतली माणसं पंपासाठी नंबर लावू लागली.

पण एक गोष्ट आम्हाला तिथल्याच माणसांनी शिकवली. काही फेकायच्या आधी विचारायचं. तलाठ्याचा पंचनामा झालेला नसेल तर भिजलेली गादीसुद्धा पुरावा असते. म्हणून आमच्यातल्या एका पोरीला फक्त मोबाइल आणि वही दिली. प्रत्येक वस्तूचा फोटो, मग बाहेर. कागदपत्रांची वेगळी पाटी. रेशनकार्ड, सातबारा, पासबुक, दहावीचं प्रमाणपत्र असं काही सापडलं की हळूच चिखल पुसून दोरीवर चिमट्याने लावायचं. ही पोरगी दिवसभर खोरं न धरताही सगळ्यांत थकायची. गमबूट न घालता कुणाला उतरू द्यायचं नाही आणि लेप्टोस्पायरोसिसवरची गोळी चुकवू द्यायची नाही, हा आमच्याबरोबर आलेल्या आशाताईंचा कडक नियम. दुसऱ्याच दिवशी बायकांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की साड्यांचे गठ्ठे आलेत, पण अंतर्वस्त्रं आणि पॅड कुणीच आणलेले नाहीत. आम्हा पुरुषांना हे कुणी बोललंच नसतं. आशाताईंनी कराडहून मागवले.

एका गणपतीच्या चित्रशाळेत गेलो होतो. चतुर्थी 10 सप्टेंबरला, म्हणजे रंगकाम सुरू व्हायचे दिवस. शाडूच्या मूर्ती फळ्यांवर होत्या त्या तिथेच विरघळल्या होत्या. नदीचा गाळ कुठला आणि मूर्तीची माती कुठली ते कळत नव्हतं. आमची पोरं खोरी घेऊन आत गेली आणि थबकली. मूर्तिकार म्हणाले, "उचला, उचला, थांबू नका." तरी पोरांनी हाताने उचललं, खोरं लावलं नाही. वेळ गेला, पण मी काही बोललो नाही.

शेजारच्या आळीतल्या आजी आमचं बोलणं ऐकून म्हणाल्या, "तुम्ही घाटावरचे ना रे? तुमच्याकडे प्यायला पाणी नसतं म्हणतात." मग बिस्किटांचे पुडे भरलेल्या खाटेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे घेऊन जा तुमच्या पोरांना. मला एवढा फ्रीज उचलून द्या, त्याच्याखाली माझी पितळी भांडी आहेत." मंडळाच्या बैठकीत तू माझ्या पत्रातलं एवढंच वाचलंस तरी चालेल.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या दहा-बारा दिवसांत सगळा महाराष्ट्र चिपळुणात होता. मुंबईची मंडळं, कोल्हापूर-सांगलीची पोरं (त्यांच्याकडेही त्याच आठवड्यात पूर होता, तरी!), कॉलेजचे गट. मग एकेक गाडी परतली. घरं धुऊन झाली होती, पण चूल कशावर पेटणार हा प्रश्न तसाच. गिरणीवाला, सुतार, शिंपी, वेल्डर, झेरॉक्सवाला, यांच्या हत्यारांत पाणी गेलेलं. एका पिठाच्या गिरणीत मी उभा होतो. जातं धुतलं, पट्टा नवा आणता येईल, पण दहा हॉर्सपॉवरची मोटार गाळाने भरलेली. चिपळुणातले मोटार भरणारे स्वतःच बुडालेले, आणि बाहेरगावी न्यावी तर महिन्याची रांग. गिरणीवाल्याला मी विचारलं, काय आणू? तो म्हणाला, "मोटार भरणारा माणूस आणा."

माणूस आपल्याकडे आहे की! पारनेरात विहिरी खोल, व्होल्टेज कमी, उन्हाळ्यात दर आठवड्याला कुणाची ना कुणाची मोटार जळते. आपल्या स्टँडजवळचा दुकानदार उभा जन्म तेच करतोय. पावसाळ्यात त्याचं काम मंदावतं. त्याला फोन केला, तो पोराला आणि मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर), तांब्याची तार, वार्निश, बेअरिंग ओढायचा पुलर असं सगळं दुकान घेऊन आला. एका शाळेच्या व्हरांड्यात त्याने बस्तान मांडलं. त्याचं पहिलं वाक्य मी विसरणार नाही: "कुणीही बटण दाबू नका." घाईघाईत चालू करून पाहिल्यामुळेच निम्म्या मोटारी जळतात, हे त्याने प्रत्येकाला समजावलं. मोटार उघडायची, स्वच्छ पाण्याने धुवायची, मोठ्या बल्बखाली वाळवायची, मेगर लावायचा. अर्थ दाखवला नाही तर बेअरिंग बदलून, वार्निश मारून परत. दाखवला तरच कॉइल काढून नव्याने भरायची. बऱ्याच मोटारी नुसत्या धुऊन-वाळवून उभ्या राहिल्या. तार आणि बेअरिंगचे पैसे आम्ही गावात जमवले होते, मजुरी त्याने घेतली नाही. त्या गिरणीतून पहिलं पीठ पडलं तेव्हा गल्लीतल्या बायका डबे घेऊन उभ्या होत्या, आणि आपला हा अबोल माणूस दाराशी उभा राहून जात्याचा आवाज ऐकत होता.

हिशोब बघ. एका गिरणीमागे एक घर उभं राहतं आणि शंभर घरांचं दळण सुटतं. त्यासाठी लागला तो खर्च तुमच्या कंटेनरच्या भाड्याच्या पासंगालाही पुरणार नाही. जुन्या कपड्यांचं काय होतं ते तर त्सुनामीत जगाने पाहिलं. 2004 च्या डिसेंबरनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेले कपडे रस्त्याच्या कडेला ढिगांनी पडले होते. कोळ्याच्या बायकोने दुसऱ्याचा फाटका ब्लाउज का घालावा? अंशू गुप्तांच्या गूंज संस्थेने ते ढीग पुढे निवडून कामाला लावले म्हणून ठीक. देणाऱ्याची भावना चांगली होती यात शंकाच नाही, पण न विचारता दिलं की घेणाऱ्यावरच निस्तरायचं ओझं पडतं.

आणि काही गोष्टी आपल्यासारख्यांच्या हातात नसतात, तिथे तिथल्या माणसांच्या पाठीशी उभं राहावं. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर हे वाचनालय 1864 पासूनचं. 2005 ला पुस्तकं गेली, पुन्हा जमवली, 2021 ला पुन्हा गेली, तरी त्या लोकांनी दार लावून घेतलं नाही. चिपळूण बचाव समितीने वाशिष्ठीतला गाळ काढा म्हणून उपोषण केलं, रेटा लावला, मग काम सुरू झालं. नाना पाटेकर-मकरंद अनासपुरेंच्या नाम फाउंडेशननेही त्यात यंत्रं घातली. तुमच्या निधीतून अशा कामाला डिझेल देता आलं तर द्या. त्याचे फोटो छान येत नाहीत, एवढं मंडळाला आधी सांग.

आता इकडची बातमी. या सप्टेंबरात आपल्याच जिल्ह्यात, पाथर्डी-शेवगावकडे, पाणी गावात शिरलं. ज्या भागात टँकरची वाट बघत माणसं म्हातारी झाली, तिथे शेतं खरवडून गेली, विहिरी गाळाने बुजल्या. पाणी ओसरायच्या आत फोन आला तो त्या गिरणीवाल्याचा. "दादा, काय लागतंय? मी पाठवत काही नाही, आधी विचारतो." त्याला सांगितलं की मोटारींसाठी तार आणि बेअरिंग लागतील. त्याने चिपळुणात पैसे जमवले आणि थेट दुकानदाराच्या खात्यावर टाकले. तेव्हा तुमच्या निधीला "कोकणासाठी" असं नाव देणार असाल तर जरा थांबा, पाणी आता घाटावरही चढू लागलंय.

ठरावात घालायला माझ्या सूचना अशा. निम्मी रक्कम आपत्तीनंतर महिनाभर हात न लावता ठेवायची. खर्च करायच्या आधी तिथल्या दोन-तीन माणसांना फोन करायचा, त्यात एक बाई असलीच पाहिजे. मोटार भरणारे, वायरमन, सुतार, शिलाई मशीन दुरुस्त करणारे यांचा प्रवास, मुक्काम आणि बुडालेली रोजी निधीतून द्यायची. आपल्या दुकानदाराने मजुरी घेतली नाही, पण दर वेळी फुकट मागणं बरं नव्हे, त्याच्याही घरी चूल आहे.

बैठक कोणत्या तारखेला आहे ते कळव. तुमच्याकडे सकाळ असते तेव्हा आमची संध्याकाळ, आपल्या मोटारवाल्याला दुकान बंद करून फोनवर घेता येईल. तारेचा आणि बेअरिंगचा आजचा भाव तोच सांगेल, माझ्या सांगण्यावर जाऊ नका. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
गावाकडचा मित्र